बर्फ वाचायला कोण शिकवणार?

आपल्यापैकी बहुतेकांची या लोकांशी ओळख शाळेतल्या भूगोलात झाली. एस्किमो नावाचे लोक, अंगावर फरचे कपडे, राहायला बर्फाचं घुमटाकार इग्लू, कुत्र्यांनी ओढायची स्लेज. जोड्या लावा, दोन मार्क. त्यातला 'एस्किमो' हा शब्द आज कॅनडात आणि ग्रीनलँडमध्ये अपमानकारक मानला जातो. ते स्वतःला 'इनुइट' म्हणतात, म्हणजे नुसतं 'माणसं'. एकटा असेल तर 'इनुक'. आणि 'इग्लू' म्हणजे त्यांच्या भाषेत कुठलंही घर, मग ते प्लायवूडचं का असेना.

आपण जोड्या लावून पुढच्या धड्याकडे वळलो, पण ते लोक काही त्या चित्रात थांबले नाहीत. त्यांच्याकडे स्नोमोबाईल आल्या, इंटरनेट आलं, स्वतःची विधानसभा आली. आणि ज्याच्या भरवशावर सगळं चाललं होतं, तो बर्फ बेभरवशाचा झाला.

इनुइट मुलांना हवामान बदल शिकवायचा, म्हणजे नेमकं काय शिकवायचं? वरवर उत्तर सोपं आहे. विज्ञानाच्या पुस्तकात कार्बन डायऑक्साइडचा एक धडा घाला, झालं. पण तिथल्या बारा वर्षांच्या मुलाला हवामान बदल दाखवण्यासाठी पुस्तक लागत नाही, खिडकी पुरते. त्याला हवं आहे ते वेगळंच: आज समोरच्या खाडीवर पाय ठेवायचा की नाही, हे ठरवता येणं. ते आजोबांना येत होतं. त्याला ते का येत नाही, यात हवामानाइतकाच शाळेचाही हात आहे.

आधी जागा समजून घेऊ. कॅनडातले इनुइट त्यांच्या मुलखाला 'इनुइट नुनांगात' म्हणतात. त्यात चार प्रदेश येतात: पश्चिमेचा इनुव्हियालुइट, मधला अवाढव्य नुनावुत, क्वेबेकच्या उत्तरेचा नुनाविक आणि लाब्राडोरच्या किनाऱ्यावरचा नुनात्सियावुत. एकूण ५१ गावं. यातलं नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी वेगळं झालं. त्याचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३७ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. गावं २५. वीज सगळीकडे डिझेलवर. एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही आणि दक्षिणेकडे उतरणाराही नाही.

रस्ता नाही, असं आपण म्हणतो. ते म्हणतील, आहे की, फक्त तो हिवाळ्यात उगवतो. आपल्याकडे नदीला पूर आला की पलीकडचं गाव तुटतं. तिथे समुद्र गोठला की गावं जोडली जातात, शिकारीच्या जागा जवळ येतात, नातेवाइकांकडे जाता येतं. उन्हाळ्यात होड्या असतात. खरी पंचाईत मधल्या दिवसांची: होडी चालू शकत नाही इतका बर्फ झालेला, पण माणूस चालू शकत नाही इतका तो पातळ. हे मधले दिवस पूर्वीही होते. आता समुद्र उशिरा गोठतो, लवकर फुटतो, आणि हे अधांतरी दिवस दोन्ही टोकांना वाढत चालले आहेत.

मराठीत 'बर्फ' म्हटलं की गोळेवाल्याचा किंवा फ्रीजमधला. वरून पडणारा भुसभुशीत तोही बर्फच, फार तर 'हिम'. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत समुद्रावर गोठलेल्या बर्फाला 'सिकू' म्हणतात. किनाऱ्याला घट्ट चिकटून राहिलेला, भरवशाचा बर्फ म्हणजे 'तुवाक'. हा तुवाक जिथे संपतो आणि उघडं पाणी सुरू होतं ती कड म्हणजे 'सिनाक'. तिथे सील, लांब सुळ्याचा नारव्हाल देवमासा, पक्षी सगळे जमतात, त्यामुळे शिकार तिथेच. आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे फिरला तर माणसासकट एखादा तुकडा सुटून वाहून जाण्याची भीतीही तिथेच. एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द असतात, ही आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी गोष्ट मोजदादीपायी फसते. शब्द किती, हा मुद्दाच नाही. आपल्याकडेही रिमझिम, सर, वळीव, झड, संततधार आहेत. कोकणातल्या आजीला त्यातला फरक शब्दकोश पाहून कळत नाही, वाळत घातलेल्या पापडांवरून कळतो. तिकडे शब्द चुकला तर पापड भिजत नाहीत, माणूस बुडतो.

म्हणून बर्फ तपासायची जुनी रीत अशी: हातातल्या भाल्याचा किंवा लोखंडी टोकाच्या काठीचा जोरात फटका मारायचा. एकाच फटक्यात आरपार गेला तर माघारी फिरायचं. रंग पाहायचा. पायाखालचा आवाज ऐकायचा. भरती-ओहोटी, चंद्र, काल रात्रीचा वारा हे सगळं हिशेबात धरायचं. हे कोणी फळ्यावर शिकवत नाही. वडिलांच्या मागे गप्प बसून वर्षानुवर्षं जायचं, पाहायचं, करून चुकायचं. याला 'पिलिम्माक्सार्निक' असा शब्द आहे: पाहून, सराव करून, कष्टाने कौशल्य अंगी बाणवणं.

आता उत्तर ध्रुवाकडे हे इतक्या वेगाने का होतंय ते पाहू. १९७९ पासूनच्या नोंदी सांगतात की आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला. कारण आपल्या गच्चीवर सापडेल. मे महिन्यात विदर्भात चुन्याने पांढरी केलेल्या गच्चीवर एकवेळ उभं राहवतं, डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पांढरं ऊन परत पाठवतं, काळं पिऊन टाकतं. ताज्या हिमाने झाकलेला समुद्रबर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परत पाठवू शकतो. उघडा समुद्र जेमतेम सहा-सात टक्के. म्हणजे थोडा बर्फ वितळला की तिथे गडद पाणी उघडं पडतं, ते जास्त उष्णता पितं, त्याने शेजारचा बर्फ वितळतो, आणखी पाणी उघडं पडतं. सप्टेंबरमध्ये, वितळून वितळून सर्वांत कमी उरतो तेव्हा, १९८० च्या सुमाराला आर्क्टिकवर ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ असायचा. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला होता. इतका नीचांक अजून दुसरा नाही.

पण उपग्रहाला दिसतं ते क्षेत्रफळ. जाणाऱ्याला हवी असते जाडी, आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. हिम म्हणजे गोधडी. त्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे ते उबदार असतं. समुद्रावर बर्फाचा थर नुकता धरला आणि लगेच त्याच्यावर भरपूर हिम पडलं, तर त्या पातळ बर्फाला गोधडी मिळते. वर हवा उणे तीस असली तरी ती थंडी खाली पोचत नाही आणि बर्फ जाड होत नाही. वरून पाहणाऱ्याला काय दिसतं? स्वच्छ, पांढरं, सपाट मैदान. नेहमीची वाट. खाली हातभरही बर्फ नाही.

हिवाळा उशिरा आणि विस्कळीत आला की हे जास्त घडतं. म्हातारे शिकारी सांगतात की आभाळ वाचून उद्याचं सांगता यायचं ते आता जमत नाही. वारा अचानक फिरतो. नुनावुतमधल्या बॅफिन बेटाच्या उत्तरेकडे यासाठी एक शब्द वापरतात, 'उग्गियानाक्तुक'. एखादी ओळखीची व्यक्ती अचानक परक्यासारखी वागायला लागावी, तसं वागणं. हवामान बदलाचं याहून नेमकं वर्णन मला तरी कुठल्या अहवालात सापडलं नाही.

'हवामान' यासाठी त्यांचा शब्द 'सिला'. त्याचा पसारा मोठा आहे: हवा, आकाश, घराबाहेरचं जग. आणि शहाणपणही त्याच मुळापासून, 'सिलातुनिक'. ज्याला सिला कळतो तो शहाणा. आता सिलाच ओळखू येईनासा झाला, तर घरातल्या शहाण्या माणसाचं काय होत असेल? नातवाला "जा, काही होत नाही" असं म्हणणारा माणूस, तो म्हणताना अडखळायला लागतो. उत्तरेकडच्या लोकांची चिंता वितळणाऱ्या बर्फापासून सुरू होते आणि इथवर येते.

शाळा आधी आली

ही साखळी हवामानाने तोडली असं म्हटलं तर अर्धंच खरं होईल. ती त्याआधी एकदा तुटली होती, आणि ती तोडली शाळेने.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक इनुइट कुटुंबं हंगामाप्रमाणे फिरती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडा सरकारने त्यांना गावांत वसवायला सुरुवात केली आणि मुलांना शाळांत घातलं. अनेक मुलं दूरच्या निवासी शाळांत गेली. त्या शाळांची पद्धत देशभर एकच होती: आई-वडिलांपासून तोडायचं आणि त्यांच्या भाषेत बोललं तर शिक्षा करायची. फर्स्ट नेशन्स आणि मेटी हे कॅनडातले इतर मूळ रहिवासी आणि इनुइट मिळून किमान दीड लाख मुलं या व्यवस्थेतून गेली. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि २०१५ मध्ये सत्य व समेट आयोगाने आपला अहवाल दिला. शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांच्या हजारो साक्षी त्या आयोगापुढे झाल्या.

या सगळ्यात एक साधी गोष्ट झाकली जाते. शाळा सप्टेंबरला सुरू होते आणि जूनमध्ये सुटते. समुद्र गोठायला लागतो तो त्याच काळात, फुटायला लागतो तोही. बर्फ वाचायला शिकायचे नेमके जे महिने, त्याच महिन्यांत मुलं वर्गात. एका पिढीचं ते शिक्षण असंच हुकलं, त्यांना फार कोणी काही न म्हणतासुद्धा.

त्यातच कुत्री गेली. १९५० ते १९७० च्या दरम्यान स्लेज ओढणारी कुत्री मोठ्या संख्येने मारली गेली, कित्येक पोलिसांनी गोळ्या घालून. २०१९ मध्ये कॅनडा सरकारने किकिक्तानी म्हणजे बॅफिन भागातल्या इनुइटांची त्यासाठीही माफी मागितली. कुत्र्यांच्या जागी स्नोमोबाईल आली. ती वेगवान, पण मुकी. पातळ बर्फ आला की अनुभवी कुत्रा अडतो, पुढे जायला नकार देतो. इंजिन अडत नाही. जीपीएस आला तोही तसाच. तो सरळ रेषा दाखवतो, रेषेखाली काय आहे ते त्याला माहीत नसतं.

हे दोन्ही धक्के एकाच आयुष्यात पाहायचे असतील तर शीला वॉट-क्लुटिए यांचं पाहावं. जन्म १९५३, नुनाविकमधल्या कुउज्जुआक गावी. पहिली दहा वर्षं कुत्र्यांच्या स्लेजवरून फिरण्यात गेली. दहाव्या वर्षी त्यांना शिकायला दूर नोव्हा स्कोशियात आणि नंतर मॅनिटोबातल्या चर्चिलला पाठवलं गेलं. मोठेपणी त्या परत आल्या आणि आधी शिक्षणाच्याच कामात उतरल्या. १९९२ मध्ये नुनाविकच्या शाळांचा आढावा घेणारा जो अहवाल निघाला त्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या अहवालाचं नाव होतं 'सिलातुनिर्मुत', म्हणजे शहाणपणाकडे. तोच 'सिला'.

पुढे त्या जगभरच्या इनुइटांच्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि ७ डिसेंबर २००५ रोजी त्यांनी ६२ इनुइटांसह मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे अमेरिकेविरुद्ध अर्ज केला. म्हणणं असं: तुमच्या धुरामुळे आमचा बर्फ जातो आहे, बर्फाबरोबर आमचं अन्न, आरोग्य, संस्कृती, सुरक्षितता जाते आहे, म्हणून हा मानवी हक्कांचा भंग आहे. थंड राहण्याचा हक्क. आयोगाने अर्ज पुढे चालवायला नकार दिला, पण मार्च २००७ मध्ये या विषयावर सुनावणी घेतली. न्यायालयीन भाषेत हरलेलं प्रकरण. पण तोवर हवामान बदलाच्या चर्चेत माणूस फारसा नव्हता, होते ते अंश सेल्सिअस, आलेख आणि पांढरं अस्वल. बर्फाच्या तुकड्यावरच्या केविलवाण्या अस्वलाचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच बर्फावरून रोज येजा करणाऱ्या माणसाचा किती जणांनी पाहिलाय?

देवमासे मोजले तेव्हा

"त्यांचं पारंपरिक ज्ञान ठीक आहे, पण विज्ञान ते विज्ञान." ही शंका मनात येते, ती रास्तही आहे. सगळं जुनं ते सोनं नसतं. म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर.

अलास्काच्या उत्तर टोकाला इन्युपियाट लोक राहतात, इनुइटांचेच भाऊबंद. बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार हा त्यांच्या जगण्याचा कणा. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने या शिकारीवर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने मासे फारच थोडे उरले होते, काही शे ते दीड-दोन हजारांच्या आत. गणती कशी केली होती? वसंतात बर्फाला मोठी भेग पडून पाण्याचा पट्टा तयार होतो. त्याच्या काठावर बसायचं आणि जाताना दिसतील ते मोजायचे. गृहीत असं की देवमासा श्वास घेणारा प्राणी, तो उघड्या पाण्यातूनच जाणार.

शिकारी म्हणाले, चूक. ते बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात. आणि तुम्हाला दिसत नाहीत इतक्या लांबूनही जातात. शास्त्रज्ञांनी यावर चिडण्याऐवजी तपासायचं ठरवलं, हे त्यांचं मोठेपण. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले आणि माशांचे आवाज टिपले. आवाज येत होते, बर्फाखालून, लांबून, आणि काठावर बसलेल्यांना काही दिसत नव्हतं तेव्हाही. मोजणीची पद्धत बदलली. २००१ मध्ये अंदाज दहा हजारांच्या घरात गेला आणि २०११ मध्ये सुमारे १७ हजारांवर. यातली काही वाढ खरोखरची आहे, पण पहिला आकडा चुकला होता हे नक्की. बंदीच्या जागी वाटाघाटीने ठरलेला कोटा आला आणि तो आजही आहे.

दुसरं उदाहरण कमी पक्कं, पण मला जास्त आवडतं. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांतले म्हातारे सांगू लागले की सूर्य पूर्वीच्या जागी उगवत-मावळत नाही, सरकलाय. पृथ्वी कलंडली, असंही काही म्हणाले. खगोलशास्त्राला हे मान्य होणं शक्य नव्हतं. पण त्यांची निरीक्षणं चूक होती का? एक स्पष्टीकरण असं की थंड हवेच्या थरावर उबदार हवेचा थर बसला की प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळचा सूर्य सरकलेला दिसतो. मृगजळाचंच भावंड हे. हवेचे थर बदलले असतील तर दिसणारा सूर्यही बदलणार. निरीक्षण बरोबर, कारण वेगळं. वर्गात शिकवायचं झालं तर याहून चांगला धडा कुठला? एकाच धड्यात आजोबांचाही मान राहतो आणि अपवर्तनही शिकून होतं.

ताट, घर आणि मन

चिंता कोणत्या, याची यादी केली तर ती बरीच लांबेल. मी तीनच गोष्टी सांगतो.

ताट. सील, आर्क्टिक चार नावाचा मासा, कॅरिबू हरीण, नारव्हालची चरबीसकट कातडी, म्हणजे 'मक्ताक'. हे गरिबाचं नाइलाजाचं खाणं नाही. भाजी उगवत नाही अशा मुलखात क जीवनसत्त्व या कच्च्या मक्ताकमधून मिळत आलंय. शिकार झाली की वाटली जाते, म्हाताऱ्यांना आधी. बर्फाची वाट बंद झाली की हे बंद, आणि मग दुकान. दुकानातला माल विमानाने किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाने येतो. त्याच्या किमती कॅनडाच्या दक्षिणेतल्या माणसालाही धक्का देतात.

घर. उत्तरेत जमिनीखाली वर्षानुवर्षं न वितळणारी गोठलेली माती असते, पर्माफ्रॉस्ट. घरं खांबांवर उचललेली असतात, घराची ऊब खाली जाऊन जमीन वितळू नये म्हणून. आता जमीन वरच्या हवेनेच वितळते आहे. ब्यूफोर्ट समुद्राकाठचं टुकटोयाकटुक गाव तर दुहेरी मार खातंय. तिथला किनारा खडकाचा नाही, मातीचा आहे, आणि ती माती धरून ठेवणारं सिमेंट म्हणजे तिच्यातला बर्फ. पूर्वी शरद ऋतूतल्या वादळांच्या आत समुद्र गोठायचा, लाटा उठायच्याच नाहीत. आता उघड्या समुद्रावर वादळ येतं आणि लाटा वितळत्या किनाऱ्यावर आपटतात. टोकाची काही घरं उचलून मागे न्यावी लागली. अलास्कातल्या युपिक लोकांच्या न्यूटोक गावाने तर २०१९ पासून नदीपलीकडे मेर्तार्विकला बस्तान हलवलं, अख्खं गावच. शिवाय या गोठलेल्या मातीत हजारो वर्षांचा पालापाचोळा न कुजता पडून आहे. त्यातला कार्बन हवेतल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट भरतो. फ्रीज बंद पडल्यावर आतल्या वस्तूंचं जे होतं ते तिथे सुरू झालं तर तो वायू आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर येणार.

मन. नुनात्सियावुतमधल्या रिगोलेट गावात लोकांशी बोलून झालेल्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: बाहेर जाता आलं नाही की माणसं खचतात. चिडचिड, काळजी, पोकळी. आपली जागा आपल्या डोळ्यांदेखत बदलताना होणाऱ्या या दुःखाला संशोधक 'पर्यावरणीय शोक' म्हणतात. माहेर धरणात बुडालेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

स्लेजवरचं यंत्र

२००९-१० चा हिवाळा नुनात्सियावुतच्या नैन गावाला विचित्र गेला. नेहमीच्या वेळी बर्फ धरलाच नाही, पाऊस पडला, ओळखीच्या वाटांवर माणसं बर्फातून खाली गेली. त्यानंतर तिथलं इनुइट सरकार आणि मेमोरियल विद्यापीठातले संशोधक यांनी मिळून जे काम उभं केलं त्याचं नाव 'स्मार्टआइस'.

त्यांची दोन यंत्रं आहेत. एक बर्फात रोवून ठेवायचा लांब दांडा. त्याच्यावर ठरावीक अंतरावर तापमापक बसवलेले. हवा, हिम, बर्फ आणि पाणी यांचं तापमान वेगवेगळं, त्यामुळे कुठे काय सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतं, म्हणजेच जाडी कळते. दुसरं यंत्र स्नोमोबाईलमागच्या स्लेजवर ठेवायचं. या स्लेजला इनुक्टिटुटमध्ये 'कामुतिक' म्हणतात, म्हणून यंत्राचं नाव स्मार्टकामुतिक. खारं पाणी वीज चांगली वाहतं, बर्फ फारशी वाहत नाही. यंत्र खाली विद्युतचुंबकीय लहरी सोडतं आणि खारं पाणी किती खाली आहे ते ओळखतं. जाता जाता जाडी मोजत जातं. ही यंत्रं जोडायचं काम नैनमधल्याच तरुणांना शिकवलं गेलं. कुठल्या वाटेवर मोजायचं ते गावची समिती ठरवते, कारण कुठली वाट घात करते हे तिलाच माहीत.

हडसन उपसागरातल्या सानिकिलुआक गावच्या संस्थेने २०१९ मध्ये 'सिकू' नावाचं ॲप आणलं. त्यात बर्फाचे प्रकार त्यांच्याच शब्दांत नोंदवता येतात, धोक्याची जागा दाखवता येते, शिकारीचा फोटो टाकता येतो. आणि नोंद ज्याची, मालकी त्याची. संशोधकाला ती हवी तर विचारावं लागतं. यामागे जुना राग आहे. दक्षिणेतून शास्त्रज्ञ यायचे, उन्हाळाभर मोजमापं करायचे, निघून जायचे आणि निष्कर्ष गावाला कधी कळायचेच नाहीत. २०१८ मध्ये इनुइटांच्या राष्ट्रीय संस्थेने, इनुइट तापिरित कानातामीने, संशोधन कोणाच्या अटींवर होईल याचं धोरण काढलं आणि २०१९ मध्ये हवामान बदलाचं. त्यात ज्ञान आणि क्षमता, आरोग्य, अन्न, पायाभूत सोयी आणि ऊर्जा असे पाच विषय आहेत.

आपला या सगळ्याशी एक खराखुरा धागा आहे, आणि तो गोव्यातून जातो. वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंडला असलेलं भारताचं 'हिमाद्री' स्थानक हेच केंद्र चालवतं. आर्क्टिकमधला बर्फ कमी होणं आणि आपल्याकडे मान्सूनच्या शेवटी होणारी अतिवृष्टी यांचा संबंध शोधणारं कामही तिथल्या शास्त्रज्ञांनी केलंय. संबंध अजून तपासला जातोय, पण आकर्षक आहे. गंमत अशी की स्वालबार्डला मूळ रहिवासी नाहीतच, त्यामुळे आपले शास्त्रज्ञ आर्क्टिकला जातात पण तिथल्या माणसांशी त्यांची गाठ फारशी पडत नाही. दुसरी गंमत आर्क्टिक परिषदेतली. भारत २०१३ पासून तिथे निरीक्षक आहे, म्हणजे मागच्या रांगेत. इनुइट, सामी वगैरे लोकांच्या सहा संस्था मात्र 'कायम सहभागी' म्हणून आठ देशांबरोबर टेबलाशी बसतात. दीडशे कोटींच्या देशापेक्षा त्यांची खुर्ची पुढे. आणि ते योग्यच आहे, असं माझं मत.

आता पुन्हा शाळेकडे. नुनावुतच्या २००८ च्या शिक्षण कायद्याने सांगितलं की शिक्षण 'इनुइट कौयिमायातुकांगित' म्हणजे इनुइटांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानावर आधारलेलं असेल. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात इनुक्टिटुटमधून शिकवू शकणारे शिक्षक पुरेसे नाहीत, त्यामुळे वरच्या वर्गांत इंग्रजीच चालते. इनुक्टिटुट हा विषय बारावीपर्यंत शिकवायची मुदत २०२० मध्ये थेट २०३९ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि त्यावरून सरकारवर खटलाही झाला. इंग्रजी माध्यमाच्या लाटेत मराठी शाळांचं काय झालं हे पाहिलेल्या वाचकाला यातलं दुखणं लगेच कळेल. तिथे मात्र भाषेचा प्रश्न जिवाचाही आहे. 'आइस' म्हणायला शिकलेल्या मुलाला तुवाक आणि सिनाक यांतली रेघ दिसेल का?

म्हणून बॅफिनच्या क्लाइड रिव्हर गावात २०११ मध्ये पिक्कुसिलिरिव्विक ही संस्था सुरू झाली. तिथे शिकार, शिवणकाम, बर्फावरचा प्रवास हाच अभ्यासक्रम, आणि शिकवणारे गावातले जाणते.

आणि बॅफिनच्याच उत्तरेला मिट्टिमातालिक गावात, नकाशावर ज्याला पाँड इन्लेट म्हणतात तिथे, स्मार्टआइसची 'सिकुमिउत' समिती आहे. सिकुमिउत म्हणजे बर्फावरची माणसं. तरुण इनुक संगणकापुढे बसून उपग्रहाची रडार चित्रं उघडतो. त्यात गुळगुळीत बर्फ काळपट दिसतो, खडबडीत उजळ. तो त्यावर रेषा ओढतो, इनुक्टिटुटमध्ये नावं लिहितो आणि नकाशा समितीतल्या म्हाताऱ्यांपुढे ठेवतो. ते पाहतात, कुठे मान हलवतात, कुठे बोट ठेवून सांगतात की इथे खालून प्रवाह आहे, हे चित्रात दिसणार नाही, लाल कर. मग नकाशा गावात लागतो. तो पाहून निघालेल्या माणसाच्या स्लेजवर लोखंडी टोकाची काठी असतेच.